पाण्याची प्रत्यक्ष तपासणी

४ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

फोनवर आपलं बोलणं कधी धड होत नाही. तू बोलायला लागलीस की दादा मागे पाने आपटत पंप दुरुस्त करत बसतो, आणि मी तोंड उघडलं की माझ्या टेबलासमोर कुणीतरी फाइल घेऊन उभं राहतं. म्हणून हे पत्र. शिवाय यात थोडं कामाचंही आहे.

मला नवी जबाबदारी मिळाली आहे. सत्तेवरच्या लोकांनी लाटलेली, बायकोच्या आणि मेव्हण्याच्या नावावर चढवलेली सार्वजनिक मालमत्ता परत मिळवायची, हे आमच्या इमारतीचं काम. त्यासाठी तीन कार्यालयं आहेत. दुसऱ्या मजल्यावरचं शोध कार्यालय काय चोरीला गेलं ते शोधतं. तिसऱ्यावरचं जप्ती कार्यालय सापडलेल्या वस्तूला सील ठोकतं. चौथ्यावरचं परतावा कार्यालय ती वस्तू लिलावात काढून जनतेचं जनतेला परत देतं. म्हणजे द्यायला हवं. अकरा वर्षांत नेमकं काय परत दिलंत, असं मी तिथल्या मोठ्या बाबूंना विचारलं, तर त्यांनी बराच वेळ छताकडे बघून सांगितलं, "एक जीप." ती सध्या तेच वापरतात.

या तिघांवर लक्ष ठेवायला तीन देखरेख समित्या आहेत, आणि खरी मजा तिथेच आहे. तिन्ही समित्यांत तेच पाच गृहस्थ, अध्यक्षही तेच. सोमवारी ते शोध समिती म्हणून बसतात आणि जप्ती समितीला पत्र लिहितात. बुधवारी जप्ती समिती म्हणून बसतात आणि ते पत्र पुढच्या बैठकीत ठेवतात. गेल्या महिन्यात अध्यक्षांनी स्वतःलाच तिसरं स्मरणपत्र धाडलं: "आपल्याकडून उत्तर न आल्याने तीव्र नाराजी व्यक्त करण्यात येत आहे." बुधवारी ते वाचून त्यांचा चेहरा खरोखर पडला होता, असं शिपाई शपथेवर सांगतो.

हे सगळं मोडून एकच देखरेख मंडळ आणि एकच यादी कशी करायची, याचा आराखडा मला लिहायचाय. वरून मला नुसते कागद दिसतात. तू त्या माजी बांधकाममंत्र्यांच्या जप्त बंगल्यावर राखणदार म्हणून लागलीस त्याला आठ महिने झाले. खालून हे सगळं कसं दिसतं ते मला लिही. हातचं राखून ठेवू नकोस.

तुझी नणंद


११ फेब्रुवारी

वन्सं,

सरकारी बाईंनी राखणदारणीला मत विचारलं, म्हणून मी आधी केस विंचरून आले आणि मग लिहायला बसले.

खालून फार छान दिसतं. बंगल्याच्या मोठ्या दाराला तीन सीलं आहेत, तीन रंगांची. लाल सीलवाले आले की निळं सील तोडता येत नाही म्हणून बाहेरूनच परत जातात. निळे आले की लालकडे बघून मान हलवतात. पिवळे एकदाच आले, पाणी प्यायले, आणि माझ्या खुर्चीला सील लावून गेले. तेव्हापासून मी स्टुलावर बसते.

मला जी यादी दिलीय तिच्यात "सिंह, दगडी, नग दोन," "झुंबर, नग एकोणीस," "मसाज करणारी खुर्ची, नादुरुस्त, नग एक" असं सगळं आहे. आणि खाली, पायपुसण्यांच्या नंतर, "तलाव, नग एक." वन्सं, तो तलाव तुम्ही पाहायला हवा. आपल्या कोणाचंही घर त्यात बुडेल. रस्त्याच्या कडेला, बागेच्या टोकाला आहे. त्याला कुंपण आहे, दार नाही, त्यामुळे सीलही नाही.

मला तो रोज बघावा लागतो याचं वाईट वाटतं, हे तुम्हाला सांगायला नको. नऊ वर्षांपूर्वी आपल्या नगरपालिकेच्या तरण तलावावर शिक्षिका म्हणून माझी नेमणूक झाली. तलाव काही झाला नाही, खड्डा तेवढा झाला. दीड वर्ष मी पोरांना शाळेच्या बाकांवर पालथं झोपवून हातपाय मारायला शिकवलं. मग कुणाच्या तरी लक्षात आलं की पाणी नसलेल्या गावात पोहण्याची बाई कशाला, आणि माझं पद गेलं. खड्डा अजून आहे.

बंगल्यातला तलाव भरलेला ठेवावा लागतो. तुमचे दादा म्हणतात, रिकामा ठेवला तर फरश्या उकलतात. म्हणून मी आठवड्यातून तीनदा पाण्याची प्रत्यक्ष तपासणी करते आणि वहीत नोंद करते. बाकी सगळं व्यवस्थित.

तुमची वहिनी

ता. क. दादांना दोन ओळी लिहा म्हटलं तर त्यांनी सांगितलं, "तिला म्हणावं, जेव."


२० फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

तुझं पत्र मी मधल्या सुट्टीत वाचलं आणि खुर्चीच्या सीलपाशी इतकी हसले की शेजारच्या टेबलावरच्या बाई पाणी घेऊन आल्या.

पण मला तुझं खरं कौतुक वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. मी तिसऱ्या मजल्यावर जाऊन तुझी नोंदवही मागवली. वहिनी, काय ती वही! आमच्या ताब्यात दोनशे साठ मालमत्ता आहेत. बाकीचे राखणदार महिन्यातून एकदा "ठीक" असं लिहून अंगठा उठवतात. आणि तू? "मंगळवार. सकाळी सात ते नऊ. पाण्याची प्रत्यक्ष तपासणी. तपासणी करणाऱ्या व्यक्ती: सतरा. उथळ बाजू समाधानकारक. खोल बाजूस तीन व्यक्तींनी तपासणी केली, एकीस नाकात पाणी." इतका बारकावा! एक माणूस पगारावर असताना तू सोळा गावकरी बिनपगारी गोळा केलेस, याला म्हणतात लोकसहभाग.

मी आराखड्यात एक अख्खं प्रकरण त्यावर लिहितेय. प्रत्येक जप्त मालमत्तेची अशी नागरिकांकडून तपासणी झाली पाहिजे. मार्चच्या सुरुवातीला सचिवांसमोर तुझ्या वहीतली चार पानं वाचून दाखवणार आहे. तुझं नाव घेणार नाही, काळजी नको.

अजून एक. चौथा मजला अचानक जागा झालाय. तुझ्या बंगल्याचा लिलाव एप्रिलमध्ये ठरतोय. एका हॉटेलवाल्याला तो हवा आहे. अखेर काहीतरी परत मिळतंय! नोकरी जाईल म्हणून घाबरू नकोस, आपण दुसरी बघू.

तुझी नणंद


२३ फेब्रुवारी

वन्सं,

हे पत्र हातात पडलं की उभ्या उभ्या वाचा, आणि ती चार पानं कुणालाही वाचून दाखवू नका. तुमच्या पाया पडते.

ती तपासणी नाही. ते पोहणं आहे.

तुम्ही हातचं राखून ठेवू नकोस म्हणालात आणि मी नेमकं तेच केलं. मागच्या वर्षी कालव्यात तिघं गेली ते तुम्हाला कळलं होतं. तिघंही माझ्या शाळेतली, बाकावर पालथं झोपून शिकलेली. वन्सं, बाकावर त्यांचे हात सुंदर चालायचे. त्यातल्या एकीची आई महिन्याभराने बंगल्याच्या कुंपणापाशी येऊन उभी राहिली. तलावाकडे बघत होती. काही मागितलं नाही. नुसतं म्हणाली, "एवढं पाणी, आणि नुसतं पडून?" मी तिला काय सांगणार? नग एक म्हणून?

दुसऱ्या दिवशी तिची धाकटी आली. मग तिच्या मैत्रिणी, मग त्यांच्या आया, कारण पोरींना एकटं सोडायचं नाही म्हणून आल्या आणि स्वतःच उतरल्या. आता एकेचाळीस जण आहेत. मी वहीत खोटं एक अक्षर लिहिलेलं नाही. पाण्याची प्रत्यक्ष तपासणी होतेच, आणि बुडून तपासल्यासारखी तपासणी दुसरी नाही. पण तुम्ही ते छापून काढाल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

दादांना सगळं माहीत आहे. ते पंप चालवतात. आता ते कोपऱ्यात बसून एकच स्क्रू पुसतायत.

तुमची वहिनी


३ मार्च

राखणदार बाई,

तुमचं पत्र मिळालं. सचिवांच्या बैठकीच्या वीस मिनिटं आधी. त्या प्रकरणाच्या जागी मी जीपबद्दल बोलले.

वहिनी, तू काय केलंस? ती जप्त मालमत्ता आहे. उद्या त्यात कुणी घसरून पडलं असतं, तर तू तुरुंगात गेली असतीस आणि तो माजी मंत्री वकिलामार्फत म्हणाला असता, बघा, माझ्या घराची काय धर्मशाळा केली. दुसऱ्याची वस्तू स्वतःच्या मर्जीने वापरायची, चांगल्या कामासाठी का होईना, यावरच तर आमचं सगळं दुकान चालतं. त्यानेही चांगल्याच कामासाठी घेतलं असं तो म्हणतो.

आजपासून बंद. एकही माणूस पाण्यात उतरता कामा नये.

आणि माझी अडचण अशी की मी तुझं पत्र वाचलंय. न वाचल्यासारखं करण्याचा प्रयत्न चाललाय. जमत नाहीये.

— तुझी नणंद


१७ मार्च

वन्सं,

बंद केलं. त्याच दिवशी. पोरी कुंपणाबाहेर ओळीने उभ्या राहिल्या आणि मी त्यांना घरी जा म्हटलं. त्यांना ओरडणं सोपं होतं, तुम्हाला पत्र लिहिणं अवघड गेलं. चौदा दिवसांत सहा पत्रं फाडली.

तुम्ही बरोबर बोललात. मला राग आला होता, आता नाही. पण आता जे लिहिते ते रागरुसव्याच्या पलीकडचं आहे, नीट वाचा.

हॉटेलवाल्याला तलावाचा तळ बघायचा होता, म्हणून निळ्या सीलवाल्यांनी पाणी काढायला सांगितलं. तुमच्या दादांनी पंप लावला. तळ कोरडा पडला तशी उन्हात दोन फरश्या उकलल्या, त्यांनी सांगितलं होतं तसंच. त्यांनी एक उलटी करून बघितली आणि मला हाक मारली. मागे शिक्का होता. आपल्या नगरपालिकेचा. मग आम्ही गाळणीयंत्राच्या खोलीत गेलो. यंत्रावर मंत्र्यांच्या नावाची पितळी पाटी आहे, ती दादांनी काढली. खाली दुसरी पाटी: "सार्वजनिक तरण तलाव." काठावरची संगमरवरी पट्टी सरकवली तर खाली खोलीचे आकडे, मोठे, पोरांना दिसावेत असे. सहा रांगांच्या निळ्या रेघा मंत्र्यांनी गालिच्यासारख्या फरशीने झाकल्या होत्या.

वन्सं, ही सगळी यादी मी केली होती. नऊ वर्षांपूर्वी, नेमणूक झाल्याच्या आठवड्यात. नगर अभियंत्यांनी मला बसवून विचारलं होतं, बाई, तुम्हाला काय काय लागेल? मी रात्रंदिवस विचार करून लिहिलं होतं. उथळ बाजू साडेतीन फूट, खोल बाजू नऊ. आकडे मोठे. रेघा निळ्या. पायऱ्या रुंद, म्हाताऱ्या माणसांना उतरता यावं म्हणून. शेवटी माझी सही. माझी प्रत ट्रंकेत होती, ती सोबत जोडलीय.

आठ महिने मी त्या पायऱ्या रोज बघत होते आणि मनात म्हणत होते, बांधणाऱ्याने किती विचारपूर्वक बांधलंय.

त्याने आपला तलाव पळवला, वन्सं. अख्खाच्या अख्खा.

तुमची वहिनी


२६ मार्च

प्रिय वहिनी,

तुझं पत्र आणि ती यादी घेऊन मी लिफ्टची वाट न बघता जिन्याने दुसऱ्या मजल्यावर गेले. शोध कार्यालयात नऊ वर्षांपूर्वीची फाइल आहे: "नगरपालिका तरण तलावाचे साहित्य. माग लागत नाही." तुझी यादी तिच्यात जशीच्या तशी आहे, तुझ्या सहीसकट. मग तिसऱ्या मजल्यावर. तिथे तुझा बंगला: "तलाव, नग एक." या दोन कागदांच्या मध्ये एक जिना आहे, वहिनी. बावीस पायऱ्या. मी मोजल्या. नऊ वर्षांत तेवढ्या कोणी चढल्या नाहीत, आणि चौथा मजला तोच तलाव हॉटेलवाल्याला विकायला निघाला होता.

मी दोन्ही फाइली काखोटीला मारून त्रिगुणी अध्यक्षांकडे गेले. ते म्हणाले, "हे सोमवारचं आहे की बुधवारचं?"

मग थेट सचिवांकडे गेले. लिलाव थांबला.

आता दुसरी गोष्ट. फाइली दाखवताना सचिवांनी विचारलं, ही शिक्षिका कोण? मी म्हटलं, माझी वहिनी. आणि तीच तिथली राखणदार. आणि तिने तलाव लोकांना वापरायला दिला होता. आणि हे मला तीन मार्चपासून माहीत आहे. तेवीस दिवस मी हे पोटात ठेवलं. शिक्का सापडला नसता तर अजून किती दिवस ठेवलं असतं, हे मला माहीत नाही, आणि तेच माझ्या मनाला लागलंय.

आराखड्यातलं सातवं कलम मी मोठ्या दिमाखात लिहिलं होतं: ज्या मालमत्तेशी अधिकाऱ्याच्या नातलगाचा संबंध असेल, त्याने ते उघड करून त्याच दिवशी बाजूला व्हावं. सचिवांनी चष्मा काढला आणि म्हणाले, "कलम चांगलं आहे. तुमच्यापासूनच सुरू करू." संध्याकाळपर्यंत माझं टेबल रिकामं झालं. आराखडा आता दुसरे गृहस्थ पूर्ण करतील.

नव्या देखरेख मंडळाची पहिली सुनावणी तुझ्या तलावाचीच असणार आहे. तुमच्याच गावात, नगरपालिकेच्या सभागृहात. मला येता येणार नाही. मंत्र्यांनी हरकत घेतली आहे. तू जे केलंस ते सगळं सांग, तपासणीसकट. विनोद करू नकोस.

तुझी नणंद


९ मे

वन्सं,

विनोद करू नकोस म्हणालात, पण माझ्या हातात काही राहिलं नाही. सगळं सांगते.

सभागृह इतकं भरलं होतं की तुमचे दादा खिडकीत बसले. मंडळाच्या अध्यक्ष म्हणून एक निवृत्त न्यायाधीशबाई आल्या होत्या. बारीक आवाजाच्या, पण बोलल्या की पंखासुद्धा हळू फिरायचा. आधी मला उभं केलं.

"सील तुम्ही तोडलंत?"

"नाही. सील दाराला असतं. तलावाला दार नाही."

"पण परवानगी नव्हती."

"नव्हती. मला ते माहीत होतं."

"मग नोंदवहीत असं का लिहिलंत?"

"खोटं लिहायचं नव्हतं, आणि खरं लिहायची हिंमत नव्हती."

त्यांनी नोंदवहीचं पान उलटलं. मग विचारलं, "किती जण शिकले?" मी म्हटलं, एकेचाळीसांतले छत्तीस. पाच अजून हात धरतात. त्यांनी लिहून घेतलं.

मग मंत्री. पांढराशुभ्र सदरा. त्यांच्या वकिलांनी सांगितलं की साहेबांना पाठीचा जुना त्रास, डॉक्टरांनी रोज पोहायला सांगितलेलं, तलाव म्हणजे त्यांच्या औषधासारखा. फरश्या नगरपालिकेच्या असतील तर ठेकेदाराने फसवलं, साहेबांना काय ठाऊक? साहेबांनी मान हलवली. वन्सं, मला वाटलं, संपलं.

न्यायाधीशबाईंनी विचारलं, "रोज पोहायचात?"

"रोज. सकाळी सहा वाजता. न चुकता."

"किती खोल आहे तलाव?"

साहेबांनी वकिलाकडे पाहिलं. वकिलाने फाइलीत.

"पुरेसा आहे," साहेब म्हणाले.

"म्हणजे किती?"

"गळ्याइतका."

"कुठल्या टोकाला?"

"दोन्ही."

वन्सं, नऊ फूट! मागच्या बाकावरची एक पोरगी इतक्या जोरात हसली की तिच्या आईने तिच्या तोंडावर पदर दाबला. आणि तेवढ्यात मागून एक बाई उठल्या. त्या बंगल्यावर सहा वर्षं फरशी घासायला होत्या, सगळे त्यांना घासणाऱ्या मावशी म्हणतात. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. त्यांनी सरळ सांगितलं, "बाईसाहेब, हे पाण्याला भितात. सहा वर्षांत एकदा काठावर आले, फोटो काढायला. तेव्हाही मागून यांचा सदरा मीच धरला होता. फोटोत माझी बोटं आहेत."

वकील उठून काही म्हणू लागले. साहेबांनी त्यांना खाली बसवलं आणि स्वतःच्या बुटांकडे बघत राहिले. मला वाटलं होतं मला आनंद होईल. झालाही. पण त्या क्षणी तो नुसता एक भेदरलेला म्हातारा दिसला, ज्याने अख्ख्या गावाचं पाणी घेतलं आणि त्यात कधी पाऊलही बुडवलं नाही. मग कशाला घेतलं असेल हो?

निकाल तुमच्या इमारतीतून येईल म्हणतात.

तुमची वहिनी


२ जून

प्रिय वहिनी,

निकाल आला. नव्या मंडळाचा पहिला आदेश, क्रमांक एक. छापील प्रत सोबत आहे, पण तुला वाचायला वेळ लागेल म्हणून सांगते. तलाव, त्याचं यंत्र आणि बागेचा तेवढा तुकडा रस्त्यापर्यंत नगरपालिकेला परत. लिलाव नाही, कारण स्वतःची वस्तू परत घ्यायला बोली लावायची नसते. हे वाक्य न्यायाधीशबाईंनी स्वतः घातलंय. बंगल्याचं पुढे वेगळं ठरेल. सिंह नग दोनसुद्धा.

तुझ्यासाठी त्यात दोन ओळी आहेत. एक: राखणदाराने नियमभंग केला, सबब लेखी ताकीद, आणि राखणदारीची नोकरी समाप्त. दोन: नगरपालिकेने शिक्षिकेचं पद पुन्हा निर्माण करावं. कुणाला नेमावं ते लिहिलेलं नाही. अर्ज तुलाच करावा लागेल, सगळ्यांसारखा. नीट अक्षरात कर.

तिन्ही कार्यालयांचं एक झालंय. एकच यादी, आणि ती कुणाही नागरिकाला तळमजल्यावर बसून बघता येते. पहिल्या दिवशी रांग लागली होती. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी तासभर यादी वाचली आणि विचारलं, "आमच्या गावचा पूल यात दिसत नाही?" बाबूंनी तो लिहून घेतला. जुने अध्यक्ष निवृत्त झाले. निरोपाच्या भाषणात ते म्हणाले की तिन्ही समित्यांत त्यांना फार मनमिळाऊ सहकारी लाभले.

आणि माझा आराखडा जवळजवळ तसाच मंजूर झाला. कव्हरवर त्या दुसऱ्या गृहस्थांचं नाव आहे. मला प्रशिक्षण विभागात टाकलंय. नव्या लोकांना मी सातवं कलम शिकवते. पहिले दोन दिवस रडू आलं, हे फक्त तुला सांगते. तिसऱ्या दिवशी एका नव्या मुलीने विचारलं, "बाई, असं खरंच कोणी स्वतःहून बाजूला होतं का?" मी म्हटलं, हो, पण तेवीस दिवस उशिरा. वर्गात कोणी हसलं नाही, सगळ्यांनी वहीत लिहून घेतलं. तेव्हा जरा बरं वाटलं.

अर्ज कर.

तुझी नणंद


२१ जून

वन्सं,

अर्ज केला. चार जणींनी केला होता. पाण्यात परीक्षा घेतली. मी लागले.

काल तलाव उघडला. नगराध्यक्षांनी फीत कापली आणि कपडे ओले होतील म्हणून मागे सरकले. पहिल्या तासात एवढी गर्दी की तुमचे दादा गाळणीयंत्राशेजारी आजारी माणसाजवळ बसावं तसे बसून होते. काठावरचे आकडे आता उघडे आहेत. साडेतीनपाशी पोरांची झुंबड, नऊपाशी फक्त त्या छत्तीस, आणि त्यांचा तोरा विचारू नका.

दुपारी गर्दी ओसरल्यावर घासणाऱ्या मावशी आल्या. तिकीट काढून. मी म्हटलं, मावशी, तुम्हाला कशाला तिकीट? त्यांनी ते माझ्या हातात ठेवलं आणि म्हणाल्या, "सहा वर्षं मी यात उतरले, पण कोरड्यातच. पाणी काढलं की मला बोलवायचे. आज भरलेल्यात उतरायचंय."

पायऱ्या त्या एकेक करत उतरल्या. पाणी कमरेला आलं तसं त्यांनी माझं मनगट असं धरलं की अजून वळ आहे. मी त्यांना पाठीवर आडवं केलं, खाली दोन्ही हात धरले. अंग नुसतं लाकूड.

"हात काढू, मावशी?"

"थांबा."

थांबले. पोरींचा आरडाओरडा चालू होता. मावशी वर आभाळाकडे बघत होत्या.

"आता काढा."

मी हात काढले. त्या बुडाल्या नाहीत. जरा हलल्या, मग स्थिर झाल्या, कानात पाणी, पोटावर हात. थोड्या वेळाने डोळे न हलवता मला विचारलं, "आता काय करायचं?"

"काही नाही."

"काहीच नाही?"

"काहीच नाही, मावशी."

त्यांनी यावर बराच वेळ विचार केला, वन्सं. मग पोटावरचे हात सोडले, दोन्ही बाजूंना पसरले, आणि डोळे मिटून घेतले.

चारची तुकडी आली, जाते.

तुमची वहिनी